एकाच रायफलने सगळी शिकार करायची तर टिकाऊ स्कोप (नेमाची दुर्बीण) कोणता घ्यावा?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलंय की कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, .३०-०६ काडतुसाची जुनी रेमिंग्टन ७०० रायफल मिळाली, प्राँगहॉर्नपासून (काळविटासारखा प्राणी) एल्कपर्यंत (सांबरासारखं मोठं हरीण) सगळं हिच्यावरच करायचंय आणि स्कोपसाठी ५०० डॉलर बाजूला काढलेत. शेवटी हे वाक्य: "४-१६×५० चा एक बघून ठेवलाय, लाइफटाइम वॉरंटी आहे, म्हणजे टिकाऊच असणार ना?" (४-१६×५० म्हणजे ४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिलिमीटरची. ही पट म्हणजेच पॉवर.)

नाही. तुमच्या वाक्यातला "म्हणजे" चुकलाय. आमचे साडूभाऊ हेच वाक्य गेली कित्येक वर्षं ऐकवताहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

वॉरंटी हा कंपनीचा हिशेब असतो: शंभरातले किती परत येतील आणि तेवढे बदलून द्यायला किती खर्च पडेल. परत येणाऱ्यांत तुमचा नसेल, असं तो हिशेब कुठेच म्हणत नाही. कोलोरॅडोत एल्कचे रायफल सीझन पाच ते नऊ दिवसांचे. तिसऱ्या दिवशी स्कोप गेला तर नवा स्कोप कुरिअरने घरी येईपर्यंत तुमचा टॅग (त्या सीझनचा शिकारीचा परवाना) रद्दी झालेला असतो. फुकट आला, हे खरं.

टिकाऊपणा कशात असतो ते बघा. बाहेरची ॲल्युमिनियमची नळी सहसा मोडत नाही. तिच्या आत आणखी एक बारीक नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. झूमची भिंगं तिच्यात आणि रेटिकलही (नेमाच्या रेघा) बहुधा तिच्यावरच. एका टोकाला ती बिजागरीसारखी टेकलेली, दुसऱ्या टोकाला वरून आणि बाजूने टरेटचे (नेम सरकवायच्या चकत्यांचे) स्क्रू दाबतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर रेटून धरते. एवढ्यावरच तुमचा झिरो उभा, म्हणजे ठरल्या अंतरावर रेघा जिथे तिथेच गोळी लागणं. स्प्रिंग मऊ असली, किंवा टरेट एका टोकापर्यंत पिळल्यामुळे तिचा जोर कमी पडला, की प्रत्येक धक्क्याला इरेक्टर उचलला जातो आणि परत बसताना केसभर इकडेतिकडे बसतो. इथला केसभर म्हणजे १०० यार्डांवर दोन इंच आणि ३०० वर सहा. काचेला काही झालेलं नसतं, चित्र तेवढंच सुरेख दिसत असतं. त्यामुळे दोष आधी नेमावर जातो, मग गोळ्यांवर, आणि स्कोपवर सगळ्यात शेवटी.

आता साडूभाऊंची रायफल. तीही रेमिंग्टन ७००, तीही .३०-०६, वर ४-१६×५०. तक्रार अशी की रेंजवर झिरो होते, ट्रकमधून दोनशे मैल गेली की चार इंच डावीकडे मारते. टरेट फिरवून आणली की पुढच्या वेळी उजवीकडे. वॉरंटीत दोनदा स्कोप बदलून झाला होता. तपासणी बाहेरून आत या क्रमाने केली. हा क्रम सोडू नका, नाहीतर चांगला स्कोप परत पाठवाल आणि खरा चोर रायफलवरच राहील.

आधी दस्त्याचे स्क्रू. दोन्ही घट्ट होते. मग स्कोप आणि त्याला धरणाऱ्या रिंगा उतरवून बेस, म्हणजे रायफलवर स्क्रूने बसवलेल्या, रिंगा ज्यावर बसतात त्या पट्ट्या. पुढचा बेस हाताला पक्का वाटत होता. पण त्याचे दोन स्क्रू काढून एकेकच लावून पाहिला, तर सगळ्यात पुढचा स्क्रू पूर्ण आवळल्यावरही बेस अंगठ्याने किंचित डुलत होता. स्क्रू बाहेर काढून टोक पाहिलं तर चपटं आणि चकचकीत. रेमिंग्टन ७०० वर पुढचं भोक बॅरलच्या, म्हणजे रायफलच्या नळीच्या, आट्यांवर येतं. तिथला स्क्रू आखूड लागतो. बसवणाऱ्याने चार स्क्रूंची अदलाबदल केली होती. लांब स्क्रू बॅरलवर जाऊन टेकला, पान्याला "घट्ट झालं" असं वाटलं, आणि बेसवर दाब मात्र शून्य. दुसऱ्या भोकात लांब स्क्रू गेला तर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) अडतो, म्हणून ती चूक लगेच कळते. पहिल्या भोकातली कळत नाही. तुमची रायफल जुनी, म्हणजे बेस कुणी कधी बसवला ते देवालाच माहीत. हे आधी बघा, स्कोप नंतर.

मग रिंगा. वरच्या टोप्या एका बाजूने पार टेकलेल्या, दुसऱ्या बाजूला मोठी फट, स्कोपच्या नळीवर रिंगेच्या कडेचा वळ. एल-की घेऊन "हाताला लागेल तेवढं" आवळल्याचा परिणाम. रिंगेच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप) सांगतात, बेसच्या बारीक ६-४८ स्क्रूंना साधारण २०. आपल्या रिंगांच्या कागदावर असेल तो आकडा धरायचा. हा जोर मोजून आवळणारा टॉर्क ड्रायव्हर स्कोपच्या बजेटमधूनच घ्या. बेसचे स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून कोरडी करा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टिपकाभर, तेही फक्त बेसला. रिंगेच्या स्क्रूंना ते लावलं की आटे निसरडे होतात, तोच आकडा दाखवताना प्रत्यक्षात जास्त आवळलं जातं आणि नळी दबते. नळी दबली की आतला इरेक्टर घासतो, झूम जड होतो. पिकाटिनी रेल (आडव्या खाचांचा बेस) असेल तर आवळण्यापूर्वी रिंग खाचेत पुढे, बॅरलच्या तोंडाकडे, सरकवून धरायची. धक्क्याला स्कोप पुढेच जायला बघतो, तिथे आधीच टेकलेला बरा.

बरोबर स्क्रू घालून, आकड्यावर आवळून सगळं पुन्हा बसवलं आणि दहा गोळ्या मारल्या. बॅरल गार होऊ देत, एकाच पेटीतल्या. सुधारणा झाली, पण ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पसारा) अजून अडीच इंच डावी-उजवी. मग त्याच रिंगांत जुना फिक्स्ड ६× बसवला: दहा गोळ्या दीड इंचात. म्हणजे रायफल, गोळ्या आणि माणूस तिन्ही निर्दोष.

मूळ स्कोप परत चढवून बॉक्स टेस्ट. वर २४ क्लिक, उजवीकडे २४, खाली २४, डावीकडे २४, प्रत्येक कोपऱ्यावर दोन-दोन गोळ्या. पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिकला १०० यार्डांवर प्रत्येक बाजू सव्वासहा इंचांच्या आसपास यायला हवी आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या छिद्राजवळ. इथे शेवटच्या दोन इंच बाहेर पडल्या. त्याहून बोलकं म्हणजे क्लिक फिरवल्यावर पहिली गोळी जुन्याच जागी लागायची आणि दुसरी एकदम उडी मारायची. स्प्रिंग अडकत होती, गोळीच्या धक्क्याने सुटत होती. जुनी माणसं क्लिक दिल्यावर टरेटवर नाण्याने टकटक करतात ती यासाठीच. ज्या स्कोपला नाणं लागतं तो शिकारीच्या कामाचा नाही.

साडूभाऊंचं म्हणणं आजही असं की "स्क्रूच चुकला होता, स्कोपचा काय दोष." दोष दोघांचा होता, आणि दहा गोळ्यांचे दोन कागद माझ्याकडे तारखेसकट आहेत. तिसऱ्यांदाही स्कोप त्यांना फुकट बदलून मिळाला, तो ते लग्नातल्या चांदीच्या वाटीसारखा दाखवतात.

तुमच्या ४-१६×५० बद्दल आणखी दोन गोष्टी. असला स्कोप ७०० ते ९०० ग्रॅमचा, साधा ३-९×४० साडेतीनशेच्या आसपास. धक्का तोच, वजन दुपटीच्या वर, म्हणजे त्याच चिमुकल्या स्क्रूंवर ताणही दुपटीच्या वर. आणि "५० ची काच म्हणजे जास्त उजेड" हेही साडूभाऊंचंच. पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्याशी येतो. ६ पॉवरवर ४० ची काच ६.७ देते, ५० ची ८.३. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात फार तर ७ पर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण ५. उरलेला उजेड गालावर पडतो. शिवाय ५० ला उंच रिंगा लागतात आणि गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. ३० मिलिमीटरच्या नळीनेही उजेड वाढत नाही. तिने टरेटला फिरायला जास्त जागा मिळते, एवढंच.

१६ पॉवरची गरजही नाही. .३०-०६ मध्ये १८० ग्रेन वजनाची गोळी २०० यार्डांवर झिरो केली तर १०० वर सुमारे दोन इंच वर आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली लागते. या टप्प्यात ६ पॉवर पुरते. उलट दाट झाडीत ४० यार्डांवर एल्क उभा राहिला की ४× मध्येही नुसती केसाळ भिंत दिसते.

मग घ्यायचा कोणता? दोन नावं. ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०: हलका, टोप्या असलेले टरेट, डोळ्याला चार इंचांच्या आसपास अंतर, आणि तुमच्या ५०० पैकी बरेच उरतात. उरलेले चांगल्या रिंगा, टॉर्क ड्रायव्हर आणि गोळ्यांवर घाला. दुसरा एसडब्ल्यूएफएचा एसएस ६×४२: फिक्स्ड पॉवर, झूमची यंत्रणाच नाही म्हणून बिघडायला जागा कमी. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे, काच चांगली पण देखणी नाही, आणि कायम स्टॉकमध्ये नसतो. मी स्वतः दुसऱ्याकडे झुकतो. पण तुमची शिकार मुख्यतः झाडीतली असेल तर पहिला घ्या, ६× मधून ४० यार्डांवर आठेक फुटांचाच पट्टा दिसतो. बजेट दुप्पट झालं तर ट्रिजिकॉन ॲक्युपॉइंट ३-९×४० बघा, त्याचं रेटिकल ट्रिटियम आणि फायबरवर उजळतं, बॅटरीची भानगड नाही.

कुठलाही घेतलात तरी बसवताना थंडीचं जाड जॅकेट घालून, झूम सगळ्यात वर ठेवून डोळ्याचं अंतर जुळवा. टी-शर्टवर जुळवलेला स्कोप नोव्हेंबरात डोळ्यापासून लांब पडतो आणि चित्राच्या कडा काळ्या होतात. रिंगेच्या कडेला नळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, स्कोप सरकला की रेघ तुटते. झिरो आधी २५ यार्डांवर: तिथे पाव मिनिटाचे १६ क्लिक म्हणजे साधारण एक इंच. मग १००.

त्यानंतर बहुतेक जण टाळतात ते. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, हिरवळीवर व्यायामाची चटई, आणि दीड फुटावरून डाव्या बाजूवर, उजव्या बाजूवर, वरच्या टरेटवर एकेकदा सोडायची. मग परत १०० यार्डांवर पाच गोळ्या. झिरो हलला तर स्कोप दुकानाच्या परतीच्या मुदतीत परत. रानात घसरून पडणं याहून वाईट असतं. (अक्रोडाचा दस्ता असेल तर करू नका, आणि घरात कुणी बघत असताना तर नकोच.)

काही गोष्टी राहिल्या. वर स्प्रिंगवर एवढं बोललो, पण चांगल्या कंपनीचाही एखादा नग खराब निघतो, म्हणून नावापेक्षा चाचणीवर जा. मॅग्नम (जास्त जोराच्या काडतुसाची) रायफल घेतलीत तर इथले वजनाचे आणि अंतराचे आकडे पुन्हा बघावे लागतील. आतून नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरून काच धुकटतेच, म्हणून थंडीत रायफल रात्री गरम खोलीत आत-बाहेर करू नका. टॅग, वेळा आणि नारिंगी कपड्यांचे नियम कोलोरॅडोच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतच वाचा.

आणि हा स्कोप बदलल्यावर जुना सुटकेसमध्ये टाकून गावी भावाच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी न्यायचा विचार असेल, तर नेऊ नका. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणात येतात, बॅगेतून नेला तरी ती निर्यातच धरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग टार्गेटपुरताच. तोही फार दिवस टिकायचा नाही: स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे येतो, आणि तो पुढचा झटका सोसायला साधे रायफल स्कोप बांधलेलेच नसतात. त्याला तिथेच एअरगनसाठीचा म्हणून विकतात तो घ्यायला सांगा.