घर रिकामे करून विकावे की आहे तसेच विकावे?

तुमच्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी 1987 साली कोथरूडमध्ये घेतलेला 720 चौरस फुटांचा फ्लॅट आता विकायचा आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, 79 वर्षांच्या आई ठाण्यात तुमच्याकडे राहतात, भाऊ कॅनडात स्थायिक आहे आणि घर मात्र संपूर्ण संसारासह माळ्यापर्यंत भरलेले आहे. एक गिऱ्हाईक सामानासकट, आहे त्या स्थितीत 88 लाख रुपये द्यायला तयार आहे. त्याच इमारतीतील तसाच, पण रिकामा आणि स्वच्छ फ्लॅट अलीकडेच 95 लाखांना गेला. एजंट म्हणतो की साडेपाच लाख रुपये खर्चून स्वयंपाकघर आणि फरशी नवी केली, तर आणखी दहा लाख सहज मिळतील. दरम्यान सामान कुठे तरी ठेवावे म्हणून तुम्ही गोदामाची चौकशी केली, त्याचे भाडे महिना 6,500 रुपये आहे, आणि जुन्या सामानाचा व्यापारी सगळ्याचे मिळून 38,000 रुपये देतो म्हणतो.

माझे मत असे आहे की घर पूर्ण रिकामे करावे, ओल आणि गळती दुरुस्त करून साधा रंग द्यावा, नूतनीकरण करू नये, गोदाम घेऊ नये, आणि या सगळ्याला दोन महिन्यांची मुदत घालून घ्यावी.

मुदतीचा आग्रह का, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. 88 लाखांना घर आज विकले, तर विक्रीच्या नफ्यावरचा कर भरून आईंच्या हाती साधारण 76 ते 77 लाख राहतील. ही रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली असे धरले तर महिन्याला सुमारे 45,000 रुपये व्याज होते. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर आणि वीजबिलाचा स्थिर आकार मिळवला की बंद घराचा एक महिना ठोकळमानाने 50,000 रुपयांना पडतो. उलट बाजूने पाहिले तर रिकाम्या घराचे सात लाख जास्त मिळतात. त्यातून साफसफाई, दुरुस्ती, रंग आणि हमाली यांचे सव्वा लाख, वाढीव रकमेवरील कराचे एक लाख आणि दोन महिन्यांचे एक लाख वजा केले, तरी पावणेचार लाख रुपये शिल्लक राहतात. मात्र हेच आवरणे साडेनऊ महिन्यांवर गेले, तर हा सारा फायदा संपतो आणि आजच 88 लाख घेतले असते तरी चालले असते, अशी स्थिती येते. दरवाढीची आशा मी या हिशेबात धरलेली नाही, कारण ती झालीच तर दोन्ही बाजूंनी मोजावी लागेल आणि न झाल्यास तुमच्या हाती काहीच नसेल.

कराचा आकडा कसा आला, हेही सांगतो. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असल्याने त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येते, मात्र ते त्या तारखेला मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या मूल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. ते नऊ लाख येईल असे तुम्ही कळवले आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी (करासाठी भारतातील रहिवासी) व्यक्तीला दोन पर्यायांतील कमी कर भरता येतो: महागाई निर्देशांक (खरेदीकिंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा आकडा) न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. 2025-26 साठीचा 376 हा निर्देशांक लावून पाहिले, तर 95 लाखांच्या विक्रीवर दुसऱ्या पद्धतीने मूळ कर सव्वाबारा लाखांच्या आसपास येतो आणि पहिल्या पद्धतीने पावणेअकरा लाख. म्हणजे पहिली पद्धत सोयीची. नफा 50 लाखांच्या वर जात असल्याने त्यावर दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष दर 14.3 टक्के होतो.

आता एजंटच्या सूचनेकडे वळू. 1987 च्या इमारतीत फ्लॅट घेणारा माणूस बहुधा दोन गोष्टी पाहतो: जागा आणि इमारतीच्या पुनर्विकासाची शक्यता. कोथरूडमध्ये ही चर्चा जवळपास प्रत्येक जुन्या सोसायटीत चालू असते. इमारत उद्या पाडली जाण्याची शक्यता असताना नव्या ओट्यासाठी आणि ट्रॉल्यांसाठी कोणी दहा लाख जास्त मोजेल, असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यमापक क्षेत्रफळ, इमारतीचे वय आणि परिसरातील व्यवहार पाहतो, त्याला स्वयंपाकघराच्या रंगसंगतीशी फारसे देणेघेणे नसते. करातही या खर्चाचा आधार थोडाच आहे. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती नफ्यातून वजा होत नाही, आणि भांडवली सुधारणा, म्हणजे घरात कायमची भर घालणारे काम, म्हणून सगळे साडेपाच लाख मान्य झाले असे समजले, तरी कर वाचेल तो जेमतेम 79,000 रुपये. भिंतीवरचा ओलीचा डाग मात्र अवश्य काढा, कारण तो दिसला की गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम किमतीतून कापून मागते. माळा आणि बाल्कनीही मोकळी करा, म्हणजे घर आहे तेवढे दिसेल.

गोदामाचे वर्षाचे भाडे 78,000 रुपये होते, म्हणजे ज्या सामानाचे 38,000 येणार आहेत ते सांभाळायला त्याच्या दुप्पट पैसे द्यायचे. सामान विकून आलेल्या पैशावर कराची चिंता करू नका, घरातील वापराचे फर्निचर, भांडी, कपडे यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने आणि चित्रे किंवा शिल्पे यांना मात्र ही सवलत नाही, म्हणून त्यांचा व्यवहार वेगळा आणि पावतीसह करा. वडिलांची पुस्तके वाचनालयाला द्यायची असतील तर आनंदाने द्या, पण वस्तुरूप देणगीवर करसवलत मिळत नाही. मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे सापडली, तर रद्दीत टाकण्यापूर्वी भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.

माझी खरी काळजी कागदांबद्दल आहे. रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी प्रत्येक पिशवी, प्रत्येक खण आणि गादीखालचा प्रत्येक लिफाफा तुम्ही स्वतः पाहिला पाहिजे. 2006 मध्ये न्हाणीघर पाडून नव्याने बांधले आणि त्यावर 1 लाख 80 हजार खर्च झाला, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्या कामाची बिले सापडली आणि सनदी लेखापालांनी ती भांडवली सुधारणा मानली, तर कर सुमारे 25,700 रुपयांनी कमी होईल. घरातील सगळ्या सामानाची जी किंमत येते आहे तिच्या दोन तृतीयांशाहून अधिक रक्कम एका फाइलमध्ये असू शकते. मूळ करारनामा, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) हे तर विक्रीसाठीच लागतील. याखेरीज कंपन्यांचे कागदी शेअर दाखले निघाले तर ते जपून ठेवा. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावे करून डिमॅट करता येतात. जुन्या मुदतठेवीची पावती मिळाली तर ती बुडाली असे समजू नका. दहा वर्षे दावा न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारस बँकेकडे त्या मागू शकतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो.

आईंना या कामातून वगळू नका. सामान त्यांचे आहे आणि येणारा पैसाही त्यांच्या नावावर असावा, हे तुम्हीच म्हणता. व्यापारी येण्यापूर्वी त्यांना एकदा घरी नेऊन काय ठेवायचे ते निवडू द्या. पितळेचा बंब किंवा रुखवतातील भांडी मोडीत किती रुपयांना गेली असती, हा हिशेब तिथे करू नये, दोन-चार हजारांसाठी त्यांचे मन दुखावण्यात काही अर्थ नाही. त्यांना ठाण्याच्या घरात मावेल एवढे आणू द्या.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण दोन महिन्यांची मुदत त्यावरच अडेल. नामनिर्देशनावरून सोसायटीने भागदाखला आईंच्या नावे केला, एवढ्याने त्या एकट्या मालक होत नाहीत. मृत्युपत्र नसल्याने तुम्ही आणि भाऊही वारस आहात, आणि गिऱ्हाइकाची बँक हे विचारेलच. वर मी केलेला सगळा हिशेब आई एकट्या मालक आहेत असे धरून आहे. त्यासाठी तुम्हा दोघांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल आणि भावाला भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवावे लागेल. ते न करता भावाचा हिस्सा त्याच्याच नावावर राहिला, तर अनिवासी म्हणून त्याला निर्देशांकाचा पर्याय मिळणार नाही आणि खरेदीदाराला पैसे देताना त्याच्या हिश्श्यावर नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बऱ्याच मोठ्या दराने कर कापावा लागेल. म्हणून माळ्यावरचे पहिले खोके उतरवण्याआधी वकिलांना भेटा आणि भावाला मसुदा पाठवा. आईंचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हेही त्याच आठवड्यात तपासा, कारण पॅन निष्क्रिय असेल तर एक टक्क्याच्या जागी वीस टक्के कपात होते. 88 लाखांच्या गिऱ्हाइकाला सध्या नकार कळवू नका. दोन महिन्यांनी रिकाम्या घराला 92 लाखांच्या वरची लेखी मागणी आली नाही, तर त्याच्याशीच पुन्हा बोलणी सुरू करा.