नवीन घराच्या गॅरेजसाठी ओपनर किती हॉर्सपॉवरचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घराचं बांधकाम चालू आहे, गॅरेजला 16 बाय 7 फुटांचं स्टीलचं दार आहे, वर बेडरूम येते. बिल्डर अर्ध्या हॉर्सपॉवरचा चेनवाला ओपनर (दार उघडणारी-मिटणारी मोटर) देतोय, तर जादा पैसे भरून सव्वाचा घ्यावा का? नका घेऊ. अर्धा पुरतो. चेन मात्र नको, बेल्ट मागा.

हॉर्सपॉवरचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. दार ओपनर उचलतच नाही, स्प्रिंग उचलते. आपल्याकडे दुकानदार एवढं लांबलचक शटर एका हाताने सर्रकन वर लोटतो, ते काही दंडाच्या जोरावर नाही. स्प्रिंग गेली की त्याच शटरला दोघं लागतात. इथेही दारावरच्या शाफ्टवर पीळ भरलेल्या टॉर्शन स्प्रिंगा असतात, त्या वजन तोलून धरतात. ओपनरचं काम फक्त ढकलायचं आणि वेळेवर थांबायचं.

घराचा ताबा घेण्याआधी एवढं करा. दार पूर्ण बंद असताना ओपनरला लोंबणारी लाल दोरी ओढून ते ओपनरपासून सोडवा, हाताने अर्ध्यावर न्या आणि हळूच हात काढा. तिथेच राहिलं तर ठीक. खाली यायला लागलं तर पीळ कमी, आपण होऊन वर निघालं तर जास्त. दोन्हीत बिल्डरकडूनच दुरुस्त करून घ्या.

आमच्या मेहुण्यांचं याबाबतीत ठाम मत: मोटर मोठी असलेली बरी. त्यांच्याकडे पाऊण हॉर्सपॉवरचा चेनवाला होता. साध्या स्प्रिंगेचं आयुष्य साधारण 10,000 फेऱ्यांचं धरतात. दिवसाला चार वेळा दार उघडलं-मिटलं तर सात वर्षांच्या आत तेवढ्या होतात. त्यांच्या दोनपैकी एक स्प्रिंग तुटली. लहान मोटर अशा वेळी अडते आणि माणूस वर बघतो. यांची कण्हत कण्हत उचलत राहिली. मध्येच थांबायला लागली, तेव्हा यांनी मागचा फोर्सचा स्क्रू फिरवून जोर वाढवला. ओपनरचा दांडा दाराच्या नुसत्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला, आडवी स्टीलची पट्टी लावलेलीच नव्हती. वरचं पॅनल मधोमध दुमडलं. मग एके दिवशी मोटर घुंऽऽ करतेय आणि दार ढिम्म. कव्हर काढलं तर आत पांढरा भुगा, प्लॅस्टिकच्या गिअरचे दात गेलेले. जोर वाढवल्यावर दाराखाली आडवं लाकूड ठेवून चाचणी केली असती, तर धोका आधीच कळला असता. 2 बाय 4 इंची फळी आडवी ठेवायची, दार तिला टेकताक्षणी उलटं फिरलं पाहिजे. दर महिन्याला करायची ही चाचणी आहे. मोठ्या मोटरने दाराचं दुखणं झाकलं, एवढंच. मेहुणे म्हणतात, गिअर हलक्या दर्जाचा होता.

म्हणून तुमच्या दाराच्या वरच्या पॅनलला आडवी पट्टी आहे का, ते आधी बघा.

आवाजाचं. बेल्टने चेनचा खडखडाट जातो, पण बराचसा आवाज रोलरचा, म्हणजे ट्रॅकमध्ये फिरणाऱ्या दाराच्या चाकांचा असतो. बिल्डर बहुधा स्टीलचे बसवतात. 7 फुटी दाराला दहा रोलर लागतात, ते बॉल बेअरिंगवाले नायलॉनचे करून घ्या. अगदी खालचे दोन मात्र केबलच्या ब्रॅकेटमध्ये असतात आणि त्या ब्रॅकेटवर स्प्रिंगेचा पूर्ण ताण असतो, ते मेकॅनिकलाच बदलू द्या. मोटर ज्या पट्ट्यांवर छताला टांगतात तिथे रबराचे तुकडे घालायला सांगा, नाहीतर बेडरूमची जमीन गुणगुणते. ट्रॅकमध्ये ग्रीस घालू नका, धूळ चिकटून लगदा होतो. वंगण बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगांना.

ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे पत्रे) लागायच्या आत वायरिंग उरकून घ्या: दारापासून दहाएक फूट आत छताला प्लग, तिथून भिंतीतल्या बटणापर्यंत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत दोन तारांची बेल वायर. मध्ये काही आलं की दार उलटं फिरवणारे सेन्सर याच खालच्या तारांवर बसतात, ते जमिनीपासून 6 इंचांपेक्षा वर नको, बटण 5 फुटांच्या खाली नको.

मोबाइलवरून चालवायचं असेल तर आधी नीट चौकशी करा. 2023 मध्ये ओपनर बनवणाऱ्या चेंबरलेनने आपल्या मायक्यू या मोबाइल सेवेवर परवानगी नसलेल्या बाहेरच्या अ‍ॅप्सचा रस्ता बंद केला, आणि लिफ्टमास्टर हा ब्रँडही त्यांचाच. ओपनरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब लावलात तर रिमोटचा पल्ला घटतो, हेही लक्षात असू द्या.

एक राहिलंच. दार भरीव लाकडाचं असेल तर अर्ध्याचा हट्ट धरू नका, पाऊण घ्या. 8 फुटी दाराला ओपनरची रेल (बेल्ट ज्यावर धावतो तो छताखालचा दांडा) लांब लागते. कॅलिफोर्नियात कोणी वाचत असेल तर 1 जुलै 2019 पासून तिथे नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. वंगण सोडलं तर स्प्रिंगेला स्वतः हात लावू नका. ती तुटलेली असताना दार वर असेल तर लाल दोरी ओढू नका, दार धाडकन खाली येतं.

जादा पैसे खर्चायचेच असतील तर 20,000 फेऱ्यांच्या स्प्रिंगा मागा. मेहुण्यांनी त्याच पैशांत सव्वा हॉर्सपॉवरचा आणला.