७,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढायला गॅस ट्रक घ्यावा की डिझेल?

अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात आणि इथे ट्रक म्हणजे पिकअप, एवढं आधी लक्षात घ्या. वर्षाला चार-सहा सहली असतील तर मी पेट्रोलच घेईन. हेवी ड्यूटी ट्रकमध्ये डिझेल इंजिनाचे सुमारे १० हजार डॉलर जास्त पडतात; मायलेजमधून ते वसूल व्हायला बरीच वर्षं जातात. वर डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरत राहा, ते वेगळंच.

डिझेलची खरी मजा डोंगरात. कमी आरपीएमलाच भरपूर टॉर्क (ओढायची ताकद) आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारी सोय. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. तिथून ट्रेलर घेऊन खाली येताना त्या ब्रेकची किंमत कळते. बिनटर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) पेट्रोल इंजिन दर हजार फुटांच्या उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे जवळपास एक तृतीयांश गायब! टर्बो पेट्रोलला हा त्रास बराच कमी.

पण आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं (ट्रक स्वतःवर किती वजन पेलू शकतो त्याचं) स्टिकर वाचा. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकमागच्या ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येतो आणि तो पेलोडमध्येच मोजला जातो, आणि डिझेल इंजिन स्वतःच जड असल्याने त्याच ट्रकचा पेलोड घटतो. ट्रेलर १०,००० पौंडांच्या पुढचा असेल किंवा सतत घाटातच फिरणार असाल, तर मात्र डिझेल.