बडोद्यात फुटबॉलची जिल्हा लीग खेळतोय, पुढे प्रशिक्षक व्हायचंय. खालिद जमील यांच्यासारखी वाट कशी धरावी?

आधी त्यांचा क्रम बघा. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी हे क्लब. २००९ मध्ये खेळणं थांबवून त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक. तिथे करंडक नाही, पण छोट्या बजेटात संघ टिकवायची सवय लागली. म्हणून २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देता आली: मोहन बागानला १-० हरवलं, शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगशी १-१. घट्ट बचाव आणि झटपट प्रतिहल्ला, बस्स. २०२५ पासून भारतीय संघ त्यांच्याकडे.

तुमच्यासाठी: प्रशिक्षक परवान्यांची शिडी खालून वर डी, सी, बी, ए, प्रो अशी आहे. डी-परवान्याच्या तारखा गुजरात राज्य फुटबॉल संघटनेकडे विचारा. तोवर एखाद्या शाळेचा बारा-तेरा वर्षांखालचा संघ हातात घ्या. चांगले खेळाडू परवान्याच्या प्रात्यक्षिकात अडकतात ते बहुधा बडबडीमुळे: दर मिनिटाला खेळ थांबवतात, मुलं उभीच. एका सत्रात एकच मुद्दा, वीसेक सेकंदांत सांगा आणि चेंडू पुन्हा सुरू करा. आणि हो, खेळणं लगेच सोडू नका.