कुटुंबासोबत फिरताना एखादं शाकाहारी हॉटेल अचानक सापडलं, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

झालंय, व्हिएतनाममध्ये. श्रेय बाबांच्या चहाच्या तलफेला.

आम्ही पाच जण होतो: आई-बाबा, मी, बायको आणि सात वर्षांची लेक. आईला अंडंसुद्धा चालत नाही. होई आनला पोचेपर्यंत दशम्या संपल्या होत्या, चटणीचा डबा खरवडून झाला होता. आदल्या दिवशी एका ठिकाणी खाणाखुणा करून, मांस नको म्हणून बजावून पालेभाजी मागवली. आईनं घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. माशाचा वास! त्या बिचाऱ्यांनी फसवलं नव्हतं. तिकडे मिठाऐवजी माशाचा सॉस घालतात, 'न्वक माम' म्हणतात त्याला, आणि तो घातला म्हणजे पदार्थ मांसाहारी झाला असं कुणाला वाटतच नाही. त्यानंतर आई केळी आणि पांढऱ्या भातावर होती. तक्रार करत नव्हती, ते जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात एका गल्लीतून चाललो होतो. बाबा थबकले. "अरे, चाय! पाटी बघ." खरंच, रोमन लिपीत सी-एच-ए-वाय. मी काही म्हणायच्या आत ते आत जाऊन बसलेसुद्धा.

चहा कुठेच दिसेना. गर्दी मात्र तुफान, सगळी स्थानिक माणसं. समोरच्या काउंटरवर पंधरा-वीस पातेली. बोट दाखवा, भातावर वाढून घ्या. त्यात डुकराच्या मांसाचे वाटावेत असे काप आणि चक्क खवल्यांसकट मासा! आई उठलीच. तेवढ्यात मालकीणबाई आल्या, आईचा हात धरून तिला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेल्या आणि टोफूची अख्खी वडी दाखवली. मग भिंतीवरच्या बुद्धाकडे बोट. मग कॅलेंडरकडे. तिकडच्या कॅलेंडरवर इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात चांद्र तिथीही छापतात. बाईंचं बोट १५ वर होतं.

"अगंबाई, आज पौर्णिमा!" आई म्हणाली. आम्ही खरं तर गेलोच होतो चतुर्दशीच्या रात्री, जुन्या गावातले दिवे मालवून कंदील लावतात ते बघायला; पण दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असणार हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

नंतर वाचून कळलं ते असं. 'चाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी सगळं खाणारी कितीतरी माणसं तिथे शाकाहार पाळतात. त्या दिवशी अशा ठिकाणी झुंबड असते. ते मांसासारखे दिसणारे काप सोयाबीनचे किंवा गव्हातल्या चिवट ग्लूटेनचे. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय होऊ शकते; तरी विचारून घ्यावं, अंड्याबद्दल तर नक्कीच. "तोइ आन चाय" एवढं पाठ करा: मी शाकाहारी आहे. 'मांस नको' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण यात माशाचा सॉसही नको हे आपोआप येतं.

आईनं दोनदा भात घेतला. तो खोटा मासा काही तिनं घेतला नाही, लेकीनं मात्र फस्त केला आणि "आजी, मी मासा खाल्ला!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

बाबा अजून चहाच्या आशेवरच होते. पेल्याची खूण करून मागितला, तर बाई लगेच घेऊन आल्या. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, काठोकाठ बर्फ घातलेला. बाबांनी एक घोट घेतला, पेला हळूच आईकडे सरकवला आणि विचारलं, "हॉटेलवर किटली आहे ना रे?"