फुकटच्या खटल्यांवर हात बसवायचा नसतो

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. गुण साधारण, साठ टक्क्यांच्या आसपास आहेत. महाविद्यालयाच्या विधी सेवा केंद्रात ती दर आठवड्याला जाते आणि सनद मिळाल्यावर फक्त गरिबांचे खटले विनामूल्य चालवणार, असे म्हणते. माझा विरोध नाही. सुरुवातीला फुकटच्या केसेसवर हात बसेल, हा फायदाच आहे. पण ती प्रमाणपत्रे मागून घेत नाही आणि कामाच्या तासांची नोंदही ठेवत नाही. एका बाईंना तिने पोटगीच्या अर्जासाठी मदत केली. त्यांच्यासोबतचा फोटो समाजमाध्यमांवर टाक, असे मी सुचवले, तेव्हा तिने साफ नकार दिला आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. कोणती प्रमाणपत्रे आणि पुरस्कार मिळवावेत? पुढे ज्येष्ठ विधिज्ञ किंवा न्यायाधीश होताना या कामाचा किती उपयोग होतो? परदेशात अशा कामाचे तास मोजतात, असेही ऐकले आहे. तिला थोडा व्यवहार समजावून सांगा. — एक वडील

उत्तर : तुमच्या मुलीच्या गुणांची मला फारशी काळजी वाटत नाही. चौथ्या वर्षापर्यंत दर आठवड्याला विधी सेवा केंद्रात जाणाऱ्या विद्यार्थिनीची चिकाटी गुणपत्रिकेत दिसत नाही, पण वकिलीत तीच उपयोगी पडते. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातील एका वाक्याची : ‘फुकटच्या केसेसवर हात बसेल’. हे वाक्य तुम्ही तिच्या बाजूने, तिच्या इच्छेला दिलेली मान्यता म्हणून लिहिले आहे, आणि म्हणूनच त्यावर सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते. हा समज केवळ तुमचा नाही. तो काही वकिलांमध्येही आढळतो, आणि मोफत वकील मिळालेल्या पक्षकाराच्या मनात तर तो भीतीच्या रूपात असतो.

ज्याच्याजवळ पैसे आहेत, त्याचा वकील चुकला तर तो दुसरा वकील नेमतो, वरच्या न्यायालयात जातो, निदान आपली कागदपत्रे आणखी कोणाला तरी दाखवून सल्ला घेतो. ज्याला वकील मोफत मिळाला आहे, त्याच्यापाशी बहुधा यातील एकही मार्ग नसतो. तारखेला वकील हजर राहिला नाही, उलटतपासणीत एक प्रश्न विचारायचा राहून गेला किंवा जामिनाच्या अर्जात महत्त्वाचा मुद्दा आला नाही, तर त्याची भरपाई तो माणूस कोठडीतल्या महिन्यांनी करतो. म्हणून चुकण्याची मुभा जिथे सर्वांत कमी असायला हवी, नेमक्या त्याच जागेला तुम्ही सरावाची जागा मानत आहात. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण तुमच्या मुलीने अभ्यासले नसेल, तर तिने ते जरूर वाचावे, आणि शक्य असेल तर तुम्हीही तिच्याकडून समजून घ्यावे. त्या खटल्यात २०१३ मध्ये आरोपीसाठी वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी आरोपही निश्चित झाले. पुढच्या दोन आठवड्यांच्या आत निकाल लागून फाशीची शिक्षा सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द केली, खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला आणि पुढील काळासाठी काही दंडक घालून दिले. ज्या गुन्ह्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथे न्यायालयाने नेमायच्या वकिलाला किमान १० वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी त्याला साधारणतः किमान ७ दिवस मिळावेत, हे त्यांतील दोन. गरजूंना मोफत वकील मिळवून देणाऱ्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसारही, तीन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्या वकिलाला विधी सेवा संस्थांच्या पॅनेलवर, म्हणजे अशा खटल्यांसाठीच्या वकिलांच्या यादीत, घेता येत नाही. म्हणजे नवशिक्यांनी गरिबांच्या खटल्यांवर शिकावे, ही कल्पना आपल्या व्यवस्थेनेच नाकारलेली आहे. नव्या वकिलाने या कामात यावे, अवश्य यावे, पण अनुभवी वकिलाच्या हाताखाली, त्याने तपासलेला मसुदा घेऊन आणि त्याच्या जबाबदारीवर.

गरिबांना मोफत वकील देण्यामागे दयाबुद्धी आहे, असेही समजू नका. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ आला. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या होसकोट प्रकरणात १९७८ मध्ये न्यायालयाने म्हटले, की ऐपत नसलेल्या कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग आहे. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात तर, आरोपीने वकील मागितला नव्हता हे कारण पुरेसे नाही, त्याला त्याचा हक्क सांगितलाच गेला नव्हता, असे म्हणत शिक्षा रद्द करण्यात आली. पोटगी मागणाऱ्या ज्या बाईंचा उल्लेख तुम्ही केला आहे, त्यांनाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली, स्त्री म्हणून, उत्पन्नाची कोणतीही अट न लागता मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. तुमच्या मुलीने त्यांच्यावर उपकार केलेले नाहीत. त्यांच्या हक्कापर्यंत पोहोचायला त्यांना मदत केली आहे.

आता फोटोविषयी. या भांडणात तुमची मुलगी पूर्णपणे बरोबर आहे आणि तुम्ही तिची क्षमा मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पोटगी मागायला आलेल्या स्त्रीने आपल्या घरातील सर्वांत दुखरी गोष्ट एका अनोळखी मुलीसमोर विश्वासाने मांडलेली असते. तिचा चेहरा समाजमाध्यमांवर गेला, तर तो तिच्या सासरीही पाहिला जाईल, माहेरीही, आणि कदाचित उद्या विरुद्ध बाजूच्या वकिलाकडूनही. ‘हो’ म्हणाली तरी तो होकार मोकळा मानता येत नाही, कारण मदत करणाऱ्याला नकार देणे गरजू माणसाला अवघड जाते. शिवाय तुम्ही जे सुचवले, ते उद्या सनद मिळाल्यावर तिला महागात पडू शकते. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करण्यास मनाई करतो, आणि ज्या प्रकरणात आपण काम पाहिले त्या संबंधात आपले छायाचित्र प्रसिद्ध करून घेणे, हेही त्या मनाईत येते. वकिलाचा हा संयम तिच्या अंगी सनदेआधीच आला आहे. एवढी समज असलेल्या मुलीला व्यवहार कळत नाही, असे तुम्ही म्हणता, तेव्हा तिला काय ऐकू येत असेल, याचा विचार करा. ज्या कामाचा तिला अभिमान आहे, त्याची किंमत वडिलांच्या लेखी ते इतरांना दाखवता येण्यावर ठरते, असेच तिला वाटणार. या अबोल्याचे मूळ मला तिथे दिसते.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे मात्र द्यायला हवीत, कारण चांगल्या कामाला मान्यता मिळावी ही अपेक्षा मुळात चुकीची नाही. ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ हा न्यायालयाने वकिलाला द्यायचा दर्जा आहे. तो देण्याच्या पद्धतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये १०० गुणांची रचना आणली. तिच्यातील ४० गुणांच्या एका गटात वकिलाने चालवलेल्या प्रकरणांतील न्यायनिर्णय, विषयातील प्रावीण्य आणि विनामूल्य केलेले काम यांचा एकत्रित विचार होत असे. २०२३ मध्ये तो गट ५० गुणांचा झाला आणि मे २०२५ मध्ये ही गुणपद्धतीच न्यायालयाने बंद केली. तुमच्या मुलीने या दर्जाचा विचार करण्याची वेळ येईल तोवर नियम आणखी किती वेळा बदलतील, हे कोणीही सांगू शकत नाही, आणि चौथ्या वर्षातल्या प्रमाणपत्रांचा त्याच्याशी काहीही संबंध नसेल. न्यायाधीशपदासाठी स्पर्धा परीक्षा आहे आणि कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट मे २०२५ मध्ये पुन्हा आली आहे. तिथेही पुरस्कारांची फाइल कोणी मागत नाही.

परदेशात तास मोजतात, हे खरे आहे. न्यूयॉर्क राज्यात वकील म्हणून नोंदणी होण्यापूर्वी ५० तासांचे विनामूल्य काम दाखवावे लागते. पण ते काम कायद्याशी संबंधित आणि योग्य देखरेखीखाली झालेले असावे, अशी तिथेही अट आहे. म्हणून तिने नोंदवही ठेवावी, हा तुमचा आग्रह मी एका बदलासह मान्य करतो. नोंद तासांची नको, कामाची हवी : कोणत्या प्रकारचा अर्ज होता, कोणती तरतूद लागू झाली, मसुद्यात प्राध्यापकांनी काय दुरुस्त केले, शेवटी काय झाले. अशिलाचे नाव त्यात कुठेही येऊ नये. पुढे मुलाखतीत कोणी विचारले, तर अशी वही असलेली मुलगी अर्धा तास नेमकेपणाने बोलू शकते, आणि प्रमाणपत्रांची चळत असलेली मुलगी बहुधा दोन मिनिटांत थांबते. वकिलांच्या विनामूल्य कामाला प्रोत्साहन द्यायचे, तर तेही याच दिशेने द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. ज्येष्ठ वकिलाने ज्युनिअरला अशा प्रकरणासाठी कामाच्या वेळेतला वेळ द्यावा, कार्यालयाने वर्षअखेरीस त्याच्या कामाचा आढावा घेताना ते काम फी मिळालेल्या कामाइतकेच धरावे, मसुदा कोणी अनुभवी माणसाने वाचावा. शाल आणि श्रीफळ देऊन होणाऱ्या सत्कारापेक्षा याने अशिलाचे आणि वकिलाचे, दोघांचेही अधिक भले होते.

वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांचे उदाहरण मी मुद्दाम देतो. खटला उभा राहण्याची वाट पाहत, होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षाही अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत अडकलेल्या कैद्यांसाठी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेच १९७९ चे हुसैनारा खातून प्रकरण होय. त्यांचे तैलचित्र सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात लागले ते २०१७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. त्या कैद्यांना मात्र त्यांच्या कामाचे फळ तेव्हाच मिळाले होते.

इथवर मी तुमच्या मुलीची बाजू घेतली. पण तिच्या एका निर्णयाशी मी सहमत नाही, आणि हा भाग तिने स्वतः वाचावा. सनद मिळाल्यापासून ‘फक्त’ विनामूल्य खटले चालवायचे, हा बेत टिकणार नाही. गरजू आणि पीडितांना मोफत साहाय्य देणे हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे बार कौन्सिलचा नियम ४६ सांगतो, पण ते वकिलाच्या आर्थिक मर्यादेत राहून, असेही तोच नियम सांगतो. ज्युनिअर वकिलांना ज्येष्ठांनी शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिलला २०२४ मध्ये करावी लागली, यावरूनच सुरुवातीच्या वर्षांतील ओढाताण लक्षात यावी. स्वतःचा खर्च घरच्यांवर टाकून केलेले विनामूल्य काम प्रत्यक्षात वडिलांच्या पैशांवर चालते, आणि मग वडील त्याचा हिशेब मागतात. दोघांनीही हे शांतपणे मान्य केले, तर निम्मा वाद इथेच मिटेल.

शिवाय गरिबांचे वकीलपत्र घेणे म्हणजे नेहमीच विनामोबदला काम करणे, असे नाही. अशिलाला मोफत मिळणाऱ्या विधी सेवेत पॅनेलवरील वकिलाला प्राधिकरण मानधन देते. अशिलाकडून त्याने काहीही घ्यायचे नसते. २०२२ च्या योजनेनुसार तर फौजदारी प्रकरणांत आरोपींच्या बचावासाठी प्राधिकरण पूर्णवेळ वकील नेमते. त्यांच्या सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव असलेले वकील पात्र असतात आणि त्यांच्या वर अनुभवी मुख्य व उपमुख्य वकील असतात. खासगी वकिली तिथे करता येत नाही आणि मानधन मोठे नसते, पण दरमहा मिळते, आणि देखरेखीखाली शिकणेही होते. तुमच्या मुलीला जे काम करायचे आहे, त्यासाठी आज यापेक्षा सरळ रस्ता मला दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या चांगल्या फौजदारी किंवा कौटुंबिक वकिलाकडे तीन वर्षे ज्युनिअर म्हणून राहून त्यानंतर पॅनेलसाठी अर्ज करणे. पुढे स्वतःचे उत्पन्न सुरू झाले, की केंद्र सरकारच्या ‘न्याय बंधू’ उपक्रमात नोंदणी करून वर्षाला मोजकी प्रकरणे पूर्णपणे विनामोबदला आणि मनापासून चालवता येतील.

राहता राहिली यंदाची सुट्टी. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. तिचे जे आठवडे उरले असतील, ते तिने जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे घालवावेत. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक म्हणूनही काम करता येते. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा असतो. तो तिचा तिलाच भरू द्या, आणि त्या दिवशी तुम्ही तिच्यासोबत जाऊ नका.