फोटोत आठ तुकडे, ताटात चार

प्रश्न : पुण्यातल्या एका मॉलमधल्या नावाजलेल्या चेन रेस्टॉरंटमध्ये आम्ही सहा जण जेवायला गेलो होतो. मेनूकार्डातले निम्मे पदार्थ 'आज नाहीत'. पनीर टिक्का सिझलरच्या फोटोत पनीरचे आठ जाड तुकडे होते. समोर आले चार, तेही रबरासारखे, बाकी सगळा कोबी. सूप कोमट. २० रुपयांची पाण्याची बाटली ६० रुपयांना. तक्रार केली तर मॅनेजरने पुढच्या वेळचं डिस्काउंट कूपन पुढे केलं. बिल ४,६२० रुपये झालं, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज. उरलेलं पनीर पार्सल करून आणलं आणि घरी त्यावर आयोडीन टाकलं, तर निळं पडलं. म्हणजे नकलीच ना? मी ऑनलाइन एक स्टार देऊन सविस्तर लिहिलं. आता कंपनीच्या लीगल टीमचा मेल आला आहे : ४८ तासांत रिव्ह्यू काढा, नाहीतर ५० लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावू. मी ग्राहक न्यायालयात ५ लाख मागू शकतो का? केस पुण्यातच करावी लागेल का? बिल जावयांनी भरलं आहे.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी मेलचं बघू. तुमची झोप त्याने उडवली आहे, कोबीने नव्हे.

रिव्ह्यू काढू नका. त्यातलं एक वाक्य मात्र आजच काढा. 'पनीर रबरासारखं', 'सूप कोमट', 'पैसे वाया गेले', 'पुन्हा पाय ठेवणार नाही' हे तुमचे अनुभव आहेत आणि तुमचं मत आहे. पैसे मोजून जेवलेल्या माणसाला ते सांगण्याचा अधिकार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीचा गुन्हा आहे तसे त्याचे अपवादही आहेत : लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि स्वतःच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. पण तुमचं शेवटचं वाक्य आहे, 'नकली पनीर घालून लोकांना विष चारतात आणि एफडीएवाल्यांना हप्ता पोचवतात.' हे मत नाही, हे दोन आरोप आहेत. सिद्ध करायची वेळ आली तर तुमच्याकडे पहिल्यासाठी आयोडीनची बाटली आहे आणि दुसऱ्यासाठी काहीच नाही. शिवाय दुसऱ्या आरोपाने तुम्ही एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, सरकारी अधिकाऱ्यांनाही अंगावर घेतलंत. मूळ मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवा, ते वाक्य काढा आणि मेलला दोन ओळींचं उत्तर द्या : रिव्ह्यू माझ्या प्रत्यक्ष अनुभवावर आधारित आहे, बिल व फोटो माझ्याकडे आहेत.

पोलीस दारात येण्याची भीती मनातून काढा. हा गुन्हा अदखलपात्र आहे, कंपनीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार दाखल करावी लागते. आणि ५० लाखांचा दिवाणी दावा लावायचा तर त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. एका सिझलरपायी तो चेक काढायला कंपनीचा अकाउंटंट राजी होईल, असं मला वाटत नाही. असे मेल बहुतेक वेळा छापील नमुन्यातून येतात, फक्त नाव बदललेलं असतं.

आता जेवणाकडे वळू. बेचव जेवण हा कायद्याने दोष ठरत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं 'चव नव्हती हो' इथेच अडतात, आणि तिथे मी त्यांना काहीही देऊ शकत नाही. निम्मे पदार्थ नव्हते, हीसुद्धा कराराचा भंग म्हणता येईल अशी गोष्ट नाही. मेनूकार्ड हे 'या, मागवा' असं आमंत्रण असतं. वेटरने ऑर्डर घेतली की करार होतो. पाण्याच्या बाटलीचा मुद्दाही सोडून द्या. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिला आहे, कारण तिथे नुसतं पाणी विकलं जात नाही, बसायची जागा आणि सेवाही त्यात धरली जाते.

मग उरतं काय? कागदावर जे म्हटलं ते ताटात आलं का, एवढंच. आणि इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे. तुम्ही पाठवलेला मेनूकार्डाचा फोटो मोठा करून पाहिला. सिझलरच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय : 'सर्व्हिंग ४२० ग्रॅम, ६१० किलोकॅलरी'. हे त्यांनी हौसेने छापलेलं नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर पदार्थाच्या कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप देणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी सक्तीचं आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ते लागू आहे. म्हणजे 'किती मिळायला हवं होतं' याचा पुरावा त्यांनीच छापून ठेवला आहे. तुम्ही ताट वजनकाट्यावर ठेवलं नाहीत, ते कुणीच ठेवत नाही. पण कुणी हात लावायच्या आधी मुलीने काढलेला फोटो आहे, त्यात शेजारी काटा-चमचा आहे, आणि तुकडे मोजता येतात.

कंपनी म्हणेल, खाली 'चित्रे केवळ प्रातिनिधिक' असं लिहिलंय. जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी तळटीप मूळ दावा स्पष्ट करू शकते, त्याच्या उलट बोलू शकत नाही. मेनूकार्ड ही जाहिरात आहे का, हा वादही ते घालतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली जाहिरातीची व्याख्या फार ऐसपैस आहे. छपाई, लेबल, वेष्टन, बिल हे सगळं तीत येतंच, पण प्रकाश, आवाज, धूर आणि वायूसुद्धा येतात. चर्र आवाज करत, धुराचा लोट सोडत सहा टेबलांपुढून मिरवत नेलेल्या सिझलरकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

एक अडचण आहे. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत, भात-भाज्या संपवल्यात आणि बिलही चुकतं झालं. माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. नसेल तर तो परत करता येतो. पण एकदा स्वीकारला की परत करण्याचा हक्क जातो आणि फक्त भरपाई मागता येते. ताट तिथल्या तिथे परत पाठवलं असतं तर सिझलरचे पूर्ण ६४५ रुपये नाकारता आले असते. आता त्यातल्या फरकापुरतं भांडायचं.

आयोडीनचं विसरा. पिष्ट (स्टार्च) असलेल्या कशावरही आयोडीन टाकलं की ते निळं पडतं, आणि टिक्क्याच्या मॅरिनेशनमध्ये बेसन असतं. तुम्ही पनीर तपासलं नाहीत, बेसन तपासलंत. खरी शंका असेल तर अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, आणि ती वेळ गेली. आता एफडीएच्या सहायक आयुक्तांकडे (अन्न) लेखी तक्रार द्या. ते स्वतः नमुना घेऊ शकतात. पनीरमध्ये कोरड्या वजनावर किमान ५० टक्के दुग्धस्निग्धांश (दुधातलं फॅट) हवा, आणि तो आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगेल. बिलावर छापलेला १४ आकडी परवाना क्रमांक तक्रारीत घाला.

सर्व्हिस चार्जचा मुद्दा सगळ्यात सोपा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की तो आपोआप बिलात लावता येत नाही. रेस्टॉरंट संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका प्रत्येकी एक लाख खर्चासह फेटाळल्या. त्यावर अपील झालेलं आहे, पण निकाल दिल्लीचा असला तरी त्या सूचना साऱ्या देशासाठी आहेत. तुमचं बिल पाहा : पदार्थ ४,०००, सर्व्हिस चार्ज ४००, आणि ५ टक्के जीएसटी ४,४०० वर लावलेला. म्हणजे चार्जवरही २० रुपये कर घेतला. मागायचे ते ४२०.

केस साताऱ्यातच करा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयात, तक्रार करता येते. जेवणासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. जावयांना सहतक्रारदार करा. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक ठरतो, त्यामुळे तुमचा हक्क शाबूत आहे, पण दोन्ही नावं असली की फाटे फुटत नाहीत. मागणी मात्र आवरा. ४२० रुपये, सिझलरचे निम्मे पैसे, नोटिशीचा खर्च आणि त्रासापोटी काही हजार. ५ लाख लिहिलेत तर आयोगाचे अध्यक्ष पहिल्याच पानावर चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील, आणि ती नजर पुढे सगळ्या पानांवर राहते.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सर्व्हिस चार्जचे पैसे पुष्कळदा तिथेच परत मिळतात. नाही मिळाले तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा, मग आयोग. फोटो मुलीच्या फोनमध्ये मूळ स्वरूपात राहू द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पुरेशी नाही. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल, त्याचा नमुना कोणताही वकील देईल. आणि ते डिस्काउंट कूपन वापरू नका. 'कूपन घेऊन त्यांनी तक्रार मिटवली' असा बचाव समोरून हमखास येतो.